भरलेली गाडी आणा

ट्रक दारात येऊन उभा राहिला की मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसायचे. ड्रायव्हरला समोरच्या लाकडी पेटीवर बसवायचे, पलीकडच्या टपरीला दोन बोटं दाखवून चहा सांगायचे आणि मग म्हणायचे, "हां, बोला. कवापासून?"

ड्रायव्हर बहुतेक घाईत असायचा. "मास्तर, स्टिअरिंग खराब झालंय. जरा बघा ना."

पहिली चकमक इथेच उडायची. 'स्टिअरिंग खराब' हे दोन शब्द त्यांच्या गॅरेजात चालत नसत. "स्टिअरिंग बिचारं वर बसलंय. त्याला काय माहीत खाली काय चाललंय? खालच्यानं चूक करायची अन् नाव त्याचं! गाडी काय करते तेवढं सांगा. खराब काय हाय ते मी सांगतो."

मग ड्रायव्हर जे सांगेल ते वाक्य मास्तर भिंतीवरच्या फळ्यावर खडूने जसंच्या तसं लिहायचे. हिंदीत सांगितलं तर हिंदीत, गुजरातीत सांगितलं तर गुजरातीत, पण देवनागरीत. 'पचास के ऊपर नाचती है.' 'खड्डा गेला की हातातून सुटते.' एकदा एक पंजाबी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "क्या बताऊं, मेरी सुनती ही नहीं." मास्तरांनी तेही लिहिलं, दोन पावलं मागे सरून वाचलं आणि विचारलं, "सुनती नहीं, या देर से सुनती है?"

तो माणूस विचारात पडला. "देर से सुनती है."

"फिर बोलो ना वैसा." त्यांनी 'नहीं' पुसून 'देर से' लिहिलं. ऐकतच नाही तो एक आजार, उशिरा ऐकते तो दुसरा. उशिरा ऐकते म्हणजे कुठल्यातरी सांध्यात ढिलाई आहे, हात फिरतो आणि चाकाला निरोप मागाहून पोचतो. त्या फळ्यामुळेच सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध सातवीनंतर आला नव्हता.

काशीमिऱ्याजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. पाटीवर मालकाचं नाव नाही, फोन नंबर नाही. फक्त 'येथे गाडी सरळ करतात' एवढंच. एकदा कुणीतरी चेपलेला दरवाजा सरळ करायला घेऊन आला होता. मास्तरांनी त्यालाही चहा पाजला आणि मग परत पाठवला.

ते मूळचे जालन्याकडचे. साठीला आलेले, काटक, आणि अंगात कायम पांढरा फुल शर्ट. ट्रकखाली जाणारा माणूस पांढरा शर्ट घालतो हे बघून नवीन माणसाला हसू यायचं. पण संध्याकाळी सहाला शेडला कुलूप लावून ते इंद्रलोककडे घरी जायला निघाले की शर्ट सकाळसारखाच असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ग्रीस लागलं म्हणजे नको तिथं हात घातला, माय. आधी विचार करायचा, मग एकाच जागी हात घालायचा." मुलीच्या वयाच्या कुणालाही ते 'माय' म्हणायचे. गाडीखाली अंथरायला त्यांच्याकडे निवडणुकीचे जुने फ्लेक्स होते, हात जोडून हसणाऱ्या पुढाऱ्यांचे. "पाच वर्षं हे आपल्या डोक्यावर बसतात," मास्तर म्हणायचे, "घटकाभर आपण यांच्यावर पडू." आणि खरंच फ्लेक्स अंथरताना चेहरा वर येईल असाच अंथरायचे.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे त्यांना गाडी चालवता येत नव्हती. लायसन नाही, स्कूटरसुद्धा नाही. तीस वर्षं ट्रकच्या स्टिअरिंगचं काम करणारा माणूस बसने घरी जातो, हे ऐकून लोकांना ते लपवाछपवी करतायत असं वाटायचं. मीही विचारलं होतं.

"शिकलो असतो," ते म्हणाले. "पण मग सवय लागली असती."

"कसली सवय?"

"वाकड्या गाडीची. ड्रायव्हर फार हुशार असतो, माय. गाडी एक बोट डावीकडं गेली की तो एक बोट उजवीकडं धरतो. आठ दिवसांत त्याला वाटतं, गाडी सरळच हाय. मला सवय नाही, म्हणून मला कळतं."

यातलं खरं-खोटं मला माहीत नाही. कदाचित त्यांना भीतीही वाटत असेल. पण हे ऐकल्यापासून मी स्वतःच्या बऱ्याच सवयींकडे जरा संशयाने बघायला लागले.

हाताखाली त्यांनी कुणाला ठेवलं नव्हतं, कारण कुणी टिकत नसे. काम करू देण्याऐवजी ते माणसाला प्रश्न विचारत बसायचे. गिऱ्हाईकंही काही टिकायची, काही पळायची. एकदा मीरा रोडचा एक टिपरवाला बदललेल्या पार्टांची लांबलचक यादी घेऊन आला. किंगपिन नवीन, टाय रॉडचे दोन्ही बॉल जॉइंट नवीन, शॉक अॅब्सॉर्बर नवीन, तरी गाडी रस्ताभर फिरतेच. मास्तरांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "जुने पार्ट कुठायत?" टिपरवाल्याने नशिबाने ते गोणीत भरून मागे टाकले होते. मास्तरांनी एकेक काढून फडक्याने पुसला, हलवून बघितला आणि ओळीत मांडला. मग गंभीरपणे म्हणाले, "हे सगळे चांगले होते. यांना कामून काढलं? यांनी काय केलं होतं?" त्या माणसाला मेलेल्याची विचारपूस केल्यासारखं वाटलं असावं. शेवटी पुढच्या दोन टायरांतली हवा कमी-जास्त निघाली. ती सारखी केली आणि गाडी सुतासारखी सरळ निघाली. टिपरवाल्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो रागाने लाल होऊन गेला. मास्तर मात्र दिवसभर खुशीत होते.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती माझ्या बाबांमुळे.

आम्ही उत्तनचे कोळी. आजोबांची होडी होती, पण बाबांना समुद्र लागायचा. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो म्हणून गाव हसलं, तेव्हा बाबांनी स्टिअरिंग धरलं. त्यांचा ट्रक भाईंदरच्या कारखान्यातून बर्फ घेऊन उत्तनच्या बंदरात यायचा आणि बर्फात घातलेली मासळी घेऊन परत जायचा. मुर्धे, राई, मोर्वे असा तो रस्ता, एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला मिठागरं. बाबांना त्यातला प्रत्येक खड्डा नावाने माहीत होता. एक मोठा खड्डा तर त्यांनी माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, सासऱ्यांच्या नावावर केला होता.

मग ट्रक भटकायला लागला. सरळ रस्त्यावर मधेच डावीकडे ओढायचा, मधेच उजवीकडे. बाबा घरी येऊन खांदे चोळत बसायचे. भाईंदरच्या एका गॅरेजात दाखवला. त्यांनी जॉइंट बदलले, अलाइनमेंट केली आणि वर स्टिअरिंग बॉक्स पिळून घट्ट करून दिला. त्याने तर वाटोळंच झालं. आता स्टिअरिंग इतकं जड झालं की वळण संपल्यावर ते आपणहून सरळ येईना, ओढून आणावं लागायचं. आणि भटकणं होतं तसंच. परत नेला तेव्हा त्यांनी रिकामा ट्रक पळवून बघितला आणि बाबांच्या समोरच दादाला सांगितलं, "गाडी एकदम ठीक आहे. काकांचं वय झालंय."

दादा एका बँकेत आहे. त्याचं कधीपासूनचं म्हणणं होतं की बाबांनी आता ट्रक काढून टाकावा आणि घरी बसावं. त्याचं प्रेमच होतं त्यात, पण गॅरेजवाल्याचं ते वाक्य त्याने घरी चारदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

त्यानंतर महिनाभरात राईच्या वळणावर ते घडलं. सकाळचे नऊ वाजले होते. ट्रक बर्फाने भरलेला. वळण संपल्यावर बाबांनी वेग वाढवला आणि ट्रक डावीकडे गेला तो थेट रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीत. मागचा फाळका उघडला आणि बर्फाच्या लाद्या एकामागून एक घसरत मिठागराच्या पाण्यात गेल्या. कुणाला काही लागलं नाही. शाळेची रिक्षा तिथून दोन मिनिटं आधी गेली होती एवढंच. लोक लाद्या पाण्यात तरंगताना मोबाईलवर शूट करत होते. दुपारी तो व्हिडिओ मी काम करते त्या लॅबमधल्या मुलींनीच मला दाखवला. त्यांना ट्रक कुणाचा ते माहीत नव्हतं. मी पण हसले आणि आत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी बाबांनी चावी आईच्या हातात दिली. "मना न्हाय जमत आता. गारी बरी हाय सांगतात. मंग मीच बिघारलू." दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दोन दिवसांनी एक ट्रक ड्रायव्हर शुगर तपासायला आला. सुई टोचताना माणसाला बोलतं ठेवावं लागतं म्हणून मी त्याला गाडीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "काशीमिरा में एक पागल मास्टर है. उसके पास ले जाओ. लेकिन टाइम लेके जाना."

पहिल्या दिवशी मी एकटीच गेले. पेटीवर बसले, चहा आला. सगळं सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं.

"रिकामी असते तेव्हा भटकते का भरल्यावर?"

"मला नाही माहीत."

"वेग वाढवताना का सोडताना?"

"नाही माहीत."

"मग जो चालवतो तो कामून नाही आला?"

मी म्हटलं, "त्यांना वाटतं, दोष त्यांच्यातच आहे."

मास्तरांनी डोळे उघडले. खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'दोष माझ्यात आहे म्हणतो.' मग म्हणाले, "हे आजवर कुणी बोललं नव्हतं. सगळे गाडीलाच नावं ठेवतात. त्यांना घेऊन ये, माय. अन् गाडी भरलेली आण."

"भरलेली?"

"रिकाम्या पोटी कोण भटकतं? भरलेली आण."

बाबांना तयार करायला चार दिवस लागले. शेवटी आईने सांगितलं, "निदान गारीची तपासनी तरी करून या. इकायची असली तरी बरी करून इकू." गावातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने ट्रक चालवत नेला, मी आणि बाबा शेजारी. पाठीमागे बर्फ. सकाळी दहाचं ऊन, आणि आम्ही काशीमिऱ्याला पोचलो तेव्हा ट्रकच्या मागच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली होती. ओळखीचा ड्रायव्हर दुसऱ्या कामाला म्हणून तिथूनच सटकला.

मास्तरांनी शांतपणे दोन बोटं दाखवून चहा सांगितला. "बर्फ वितळतोय," मी म्हटलं. "वितळू दे," ते म्हणाले, आणि ट्रककडे पाठ करून बाबांसमोर बसले. "कवापासून?"

बाबा आधी बोलेनात. मग एकेक शब्द. मग जे सुरू झाले ते थांबेनात. इतक्या महिन्यांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी सांगितलंच होतं. "भरलेली असली कनी, तवाच जाते. रेस दिली की डावीकरं. पाय काढला की उजवीकरं. दर टायमाला." मास्तर लिहीत गेले. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. "दर टायमाला," ते पुटपुटले. "चुकणारा माणूस इतका नेमानं चुकत नाही, भाऊ."

बाबांनी मान वर केली.

मग मास्तर उठले. चाकांना दगड लावले, फ्लेक्स अंथरला आणि खाली गेले. बाबा वर इंजिन चालू करून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सारखं हलवत होते. दहा मिनिटांनी खालून आवाज आला, "माय, तू काय काम करतेस म्हणालीस?"

"रक्त काढते."

"शीर डोळ्यानं शोधतेस का बोटानं?"

"बोटानं."

"मग ये खाली."

कामावर जायचा ड्रेस होता. तरी गेले. एका पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर मी उताणी पडले आणि मास्तरांनी माझं बोट धरून एकेका सांध्यावर ठेवलं, अर्धं या भागावर, अर्धं त्या भागावर. बाबा वर स्टिअरिंग हलवत होते. सांधा ढिला असेल तर दोन भाग एका वेळी हलत नाहीत, मधे एक बारीकसा धक्का बसतो. डोळ्याला तो दिसत नाही. माझ्या बोटाला कुठेच लागला नाही. पुढचा एक्सल, त्याचे सांधे, किंगपिन, सगळं घट्ट.

"काही नाही लागत," मी म्हटलं. म्हणजे गाडी ठीकच होती.

"म्हणजे पुढं काही नाही," मास्तर म्हणाले. "सगळे पुढंच बघतात, कारण स्टिअरिंग पुढं हाय."

आधी त्यांनी तो पिळलेला स्टिअरिंग बॉक्स मोकळा केला. मग बर्फाचं पाणी साठलेली बादली घेऊन शेडसमोरच्या सिमेंटवर मागच्या-पुढच्या चाकांपुढे ओतली, रिकामी बादली पन्नास पावलांवर डाव्या कडेला ठेवून आले आणि बाबांना म्हणाले, "चला. सरळ. बादलीच्या हातभर अलीकडं थांबा. मी शेजारी बसतो." ट्रक सर्व्हिस रोडच्या मोकळ्या भागात पन्नास पावलं पुढे गेला आणि थांबला. ओल्या चाकांचे पट्टे सिमेंटवर उमटले होते. मास्तर उतरून आले आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मलाही दिसलं. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्या पट्ट्यांच्या मागोमाग जात नव्हते. एका बाजूला सरकले होते. ट्रक खेकड्यासारखा किंचित तिरका चालत होता.

मास्तरांनी खिशातून सुतळी काढली. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली. तीच सुतळी डाव्या बाजूला लावली. गाठ दोन बोटं कमी पडली.

मागच्या डाव्या बाजूला एक्सल ज्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतो, त्या पाट्यांना मधोमध धरून ठेवणारा बोल्ट तुटला होता, आणि वरून आवळणारे बोल्ट गंजून सैल पडले होते. भरलेला ट्रक वेग घेताना ते चाक पुढे सरकायचं, वेग सोडला की मागे. रिकामा असताना हलायचंच नाही. गंजायचं कारणही तिथेच होतं. बर्फाचं आणि मासळीचं खारं पाणी ज्या भोकातून बाहेर पडायचं, ते नेमकं त्या पाट्यांच्या वर होतं. आत्ताही त्यावर धार पडत होती.

बाबा वाकून बघत राहिले. मग त्यांनी तुटलेल्या बोल्टाचा तुकडा उचलला आणि माझ्याकडे धरला. "बग, बग! दादाला फोटो पाठव!" मी फोटो पाठवला. दादाने उत्तरात फक्त अंगठा पाठवला.

इथे गोष्ट संपली असती तर मास्तर नुसतेच चांगले कारागीर ठरले असते.

दोन दिवसांनी ट्रक तयार झाला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चावीसाठी त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी चावी दिली नाही. ते म्हणाले, "भाऊ, एक काम करा. उजव्या डोळ्यावर हात ठेवा अन् फळ्यावरचं वाचा."

"काय म्हून?"

"वाचा तर खरं."

बाबांनी हात ठेवला. फळा दहा पावलांवर होता. ते बघत राहिले. मग हसून म्हणाले, "तुमचं अक्षर लय वंगाळ हाय." मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मला ते तिथूनही वाचता येत होतं.

"परवा मी शेजारी बसलो होतो," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही बादलीपासून हातभर अलीकडं थांबायला पाहिजे होतं. बादलीला लावून थांबलात. बादली डावीकडं होती. गाडीत दोष होता, तो मी काढला. हा दुसरा दोष माझ्या गॅरेजात निघत नाही." आणि चावी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. "डोळा दाखवून या. तवर मी सरळ केलेली गाडी यांना देऊ नको, माय."

बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दोन दिवसांपूर्वी ज्याने त्यांना उभं केलं त्यानेच खाली बसवलं होतं. ते बाहेर पडले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. मी मास्तरांवर भडकले. "तुम्हाला हे नंतर सांगता आलं नसतं? आजचा दिवस तरी त्यांना आनंदात जाऊ द्यायचा होता!"

"आज आनंदात चालवत घरी गेले असते," मास्तर म्हणाले. "राईवरून."

मला ती शाळेची रिक्षा आठवली. मास्तर फळा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सांगणं त्यांनाही सोपं गेलेलं नाही.

ट्रक त्या ओळखीच्या ड्रायव्हरने घरी आणून लावला. बाबा आठ दिवस घुम्यासारखे बसले. मास्तरांचं नाव काढलं की उठून जायचे. नवव्या दिवशी सकाळी ते घराच्या ओट्यावर उभे होते, उजव्या डोळ्यावर हात ठेवून. समोर सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या, म्हणजे वलांडी, होत्या. "किती वलांडी हायेत?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "चार." ते म्हणाले, "मना एकच दिसते. तीबी धुक्यात." आणि दादाला फोन लावायला सांगितला.

मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. दादाने रजा काढली, ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तोच त्यांच्याबरोबर राहिला, दर दोन तासांनी डोळ्यात थेंब तोच घालायचा. त्या दिवसांत दोघं खूप बोलले म्हणे. काय ते मला कुणी सांगितलं नाही. ट्रक काढून टाकायची गोष्ट मात्र दादाने पुन्हा कधी काढली नाही.

डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिल्यावर बाबा पहिल्यांदा गेले ते काशीमिऱ्याला, बसने, हातात सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. मी बरोबर होते. शेडच्या आत न जाता ते रस्त्याच्या पलीकडेच उभे राहिले, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि मोठ्याने फळा वाचायला लागले, "ब्रेक मारते वक्त... थरथर... करती है!" ट्रकवाले थांबून बघायला लागले. मास्तर बाहेर आले. बाबा रस्त्यापलीकडून ओरडले, "आनि 'थरथर'चा पैला थ तुमी चुकीचा लिवलाय!"

मास्तर आत गेले, बघितलं, आणि खरंच तो थ पुसून पुन्हा लिहिला.

त्यानंतर एका रविवारी बाबांनी त्यांना उत्तनला जेवायला बोलावलं. मास्तर पांढऱ्या शर्टात आले, बंदरावर गेले, होडीचं सुकाणू हलवून बघितलं आणि एका नाखव्याला "कवापासून?" असं विचारून अर्धा तास बसवून ठेवलं. आईने केलेलं जवळ्याचं कोलिम त्यांनी तीनदा घेतलं. तिखटाने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थांबले नाहीत. चार वाजता निघायची वेळ झाली तेव्हा बाबा म्हणाले, "बस कशाला? मी सोरतो."

ट्रक रिकामा होता. मी मधे, मास्तर खिडकीशी. मोर्वे येईपर्यंत बाबा बोलत होते, कुठला खड्डा कधी पडला, कुणाच्या दारात पाणी साठतं. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं. मास्तरांचं डोकं दरवाज्याला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं. गाढ झोपले होते.

बाबांनी रेडिओ बंद केला. मिठागराच्या कडेने ट्रक इतका हलका नेला की मला तो चालतोय की तरंगतोय कळेना. भाईंदरचा पूल ओलांडून आम्ही पूर्वेला उतरलो, केबिन रोडची गर्दी टाळून पुढे गेलो. इंद्रलोकजवळ मास्तरांच्या बिल्डिंगचं गेट आलं. मी त्यांना हलवायला हात पुढे केला.

"थांब," बाबा कुजबुजले. "झोपू दे तेंना."

आणि गेटसमोरून ट्रक तसाच पुढे काढून त्यांनी एक मोठा फेरा घेतला.